कॉम्प्युटर शेवटी बघू : मालीम जेटीजवळच्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

गोव्यात बेतीहून मालीमच्या जेटीकडे उतरताना मासळीचे रिकामे क्रेट एकावर एक रचून ठेवलेले असतात, त्या वळणावर दहा बाय बाराचे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. आत भिंतीला ट्रॉलरांचे उघडलेले फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ संच, जीपीएसचे पडदे टांगलेले दिसतात आणि त्यांच्यात मोटारींचे चार-सहा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारे कॉम्प्युटर. मालक पूर्वाश्रमीचे तारवटी, बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. उपग्रह आणि डिजिटल रेडिओवर आधारलेली जीएमडीएसएस ही जहाजांची संकटसंदेश यंत्रणा फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची कळ दाबणाऱ्या माणसाची बोटीवर गरज उरली नाही, तेव्हा ते किनाऱ्यावर परतले आणि त्यांनी हे दुकान टाकले. आहे तेच काम हातून उरकत नाही, तेव्हा नाव आणि फोन नंबर कुठे देऊ नका, असे त्यांनी मला बजावले आहे, म्हणून या परीक्षणात दोन्ही नाहीत. मालीमला कोणत्याही ट्रॉलरवाल्याला विचारले तर तो दुकान दाखवील.

माझी गाडी १९९२ ची मित्सुबिशी जीटीओ. जपानमध्ये नोकरीला असलेले माझे मामा कायमचे परतले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली आणि वय झाल्यावर माझ्या हवाली केली. जपानबाहेर हीच गाडी ३००० जीटी या नावाने विकली जात असे, आणि अमेरिकेत डॉज स्टेल्थ नावाचे तिचे एक जुळे भावंडही होते. मामांची गाडी टर्बोची नाही. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, चोवीस व्हॉल्व्हचे ६जी७२ इंजिन आणि हाताचे गियर, एवढाच तिचा थाट. फोंड्याच्या बाजारात ती उभी केली की पोरे अजूनही फोटो काढतात, आणि पेट्रोल पंपावरचा माणूस दर वेळी तिची किंमत विचारतो. गाडी विकायची नाही, हे मी त्याला आता सांगणेही सोडून दिले आहे.

बिघाड सुरू झाला तो गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू व्हायची, पण वीसेक मिनिटे चालून इंजिन गरम झाले की सिग्नलवर उभी असताना आरपीएम आपोआप सातशे ते पंधराशे असे वरखाली होऊ लागायचे. पुढे पुढे ती चालता चालता बंद पडू लागली. अर्धा तास बॉनेट उघडून थांबले की काहीच झाले नसल्यासारखी पुन्हा सुरू व्हायची. पावसाची झड लागली की त्रास वाढे, दोन दिवस ऊन पडले की कमी होई. शेवटी बाणास्तारीच्या पुलाच्या अलीकडे ती भर पावसात बंद पडली आणि तिथून टोइंगवर घरी आली.

सुरुवातीला मी गाडी फोंडा-पणजी पट्ट्यातील एका मोठ्या गॅरेजात दिली. चकचकीत फरशी, एसीची प्रतीक्षा खोली, कॉफीचे यंत्र, सगळे यथास्थित होते. त्यांनी स्कॅनर काढला आणि तो जोडायला गाडीत जागाच सापडेना. त्यात आश्चर्य काही नव्हते, कारण आज सगळीकडे दिसणारे सोळा पिनांचे ओबीडी-२ सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झाले आणि ही गाडी त्याच्या चार वर्षे आधीची आहे. स्कॅनर चालत नाही म्हटल्यावर त्यांनी अंदाजाने सामान बदलायला घेतले. आधी प्लग आणि वायरी बदलल्या, मग क्रँक सेन्सर, मग पेट्रोल पंप. दर वेळी गाडी चार दिवस नीट चालायची आणि पाचव्या दिवशी मूळ पदावर यायची. साडेचार महिन्यांत ७१,००० रुपये खर्च झाल्यावर त्यांनी निकाल दिला की ईसीयू गेला आहे आणि परदेशातून जुना मागवावा लागेल, त्याचे एक लाख दहा हजार पडतील. पुढे कळले की निदान तसे अगदीच चुकीचे नव्हते, पण ते त्यांना चुकून लागले होते. कोणत्या मापावरून हा निष्कर्ष काढला, असे मी विचारले तेव्हा मला मिळालेले उत्तर होते, ‘आता बाकी काय उरलेच नाही ना.’

मालीमचे दुकान मला एका ओळखीच्या ट्रॉलर मालकाने सुचवले. मी मे महिन्याच्या शेवटी तिथे पोहोचलो, ही माझी मोठी चूक. गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी असते आणि त्या काळात सगळे ट्रॉलरवाले आपापली उपकरणे दुरुस्तीला आणून टाकतात. गाडी फ्लॅटबेडवर तीसेक किलोमीटर आणवली आणि दुकानात गाडीला जागाच नसल्यामुळे ती समोरच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी करावी लागली. ऐन मिरगात आपली गाडी खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर सोडून घरी परतणे जिवावर येते, हे मी त्यांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, ‘कॉम्प्युटर शेवटी बघू. आधी वीज कुठून येते, कुठे जाते ते बघू द्या.’ तीन आठवडे त्यांनी गाडीला हातही लावला नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांनी हात लावला तो बॅटरीला. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साडेदहा व्होल्टच्या खाली जात नाही ना, हे पाहिले. बॅटरी ठीक होती. मग मल्टिमीटरची एक तार इंजिन ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावून मला सेल्फ मारायला सांगितले. चांगल्या अर्थिंगमध्ये हा फरक ०.२ व्होल्टच्या आत असावा लागतो. आमच्या मीटरवर ०.६ आला. इंजिनाची अर्थची पट्टी काढली तर तिच्या बोल्टखाली हिरवट पावडर जमली होती. ती घासून, पट्टी बदलून, पुन्हा मोजल्यावर आकडा ०.०८ वर आला आणि आरपीएमचे वरखाली होणे निम्म्याहून कमी झाले. मला वाटले, संपले काम. त्यांनी मान हलवली. गाडीत दोन दुखणी असली की एक बरे झाल्यावर दुसरे स्पष्ट ऐकू येते, अशा अर्थाचे काहीतरी ते पुटपुटले आणि ड्रायव्हरच्या पायापाशी फ्यूज बॉक्सजवळ वाकून बसले.

पुढचा प्रकार मी स्वतः शेजारी बसून पाहिला, आणि या दुकानाला मी पूर्ण गुण देतो ते मुख्यतः त्यासाठी. १९९३ पर्यंतच्या मित्सुबिशी गाड्यांत फ्यूज बॉक्सजवळ बारा पिनांचे एक छोटे निदानाचे सॉकेट असते. त्याच्या पहिल्या पिनेवर आणि बाराव्या, म्हणजे अर्थच्या, पिनेवर काट्याचा जुना व्होल्टमीटर जोडला की ईसीयू काट्याच्या हेलकाव्यांनी बोलतो. दीड सेकंदाचा लांब हेलकावा म्हणजे दशक आणि अर्ध्या सेकंदाचा छोटा हेलकावा म्हणजे एकक. डिजिटल मीटर इथे कामाचा नाही, कारण त्याचे आकडे स्थिर होईपर्यंत ठोका निघून जातो. काटा सारख्या अंतराने हलत राहिला, म्हणजे तक्रार नाही. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी मुद्दाम थ्रॉटल सेन्सरचा प्लग उपटला. लगेच काट्याने एक लांब आणि चार छोटे हेलकावे घेतले. चौदा. म्हणजे थ्रॉटल सेन्सर. ईसीयू शुद्धीवर असताना खरे बोलतो, ही त्यांनी आधी खात्री करून घेतली आणि मगच पुढे गेले. मोर्स ऐकण्यात उमेदीची वर्षे गेलेला हा माणूस ठोके मोजताना कागदावर काही लिहीत नव्हता, हे माझ्या लक्षात आले.

मग गाडी पंचवीस मिनिटे चालू ठेवली. ती बंद पडली, त्या क्षणी किल्ली ऑन ठेवून पाहिले तर काटा थिजलेला होता. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवाही लागत नव्हता, जो किल्ली फिरवल्यावर काही सेकंद लागायलाच हवा. या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर शक्यता दोनच उरतात: ईसीयूपर्यंत वीज किंवा अर्थ पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही आतला प्रोसेसर चालत नाही. मधल्या कन्सोलचे पॅनेल काढून, रेडिओच्या खाली असलेल्या ईसीयूच्या प्लगला मागून सुया लावून त्यांनी बॅटरीची कायमची लाइन, रिलेतून येणारी लाइन आणि अर्थच्या वायरी एकेक करून मोजल्या. सगळे बारा व्होल्ट जागेवर. मग सेन्सरांना जाणारे पाच व्होल्ट मोजले. थंड असताना ते बरोबर ५.०२ होते, आता ४.३ होते आणि आकडा थरथरत होता. एखाद्या सेन्सरात शॉर्ट असेल तरी असे होऊ शकते, म्हणून त्या लाइनवरचे सेन्सर एकामागून एक काढून पाहिले. आकडा वर आला नाही. तेव्हा कुठे, तिसऱ्या दिवशी दुपारी, त्यांनी ईसीयूचे चार स्क्रू काढले.

पत्र्याची पेटी उघडल्याबरोबर शिळ्या मासळीचा वास आला. मालीमच्या जेटीपाशी तो वेगळा ओळखू येणे ही कठीणच गोष्ट, पण आला. १९९० च्या आसपासच्या मित्सुबिशी ईसीयूंचे हे नावाजलेले दुखणे आहे. बोर्डावरचे ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयोमानाने बुडाच्या रबरी बुचातून पाझरतात. पाझरलेला द्रव तांब्याचे मार्ग खातो, शिवाय हवेतला दमटपणा शोषून नको तिथे वीज गळवतो. पावसाळ्यात गाडीचा त्रास का वाढायचा, याचे उत्तर त्या वासात होते. पायाखालच्या मॅटखाली त्यांनी हात घालून पाहिला तर गालिचा ओला होता. एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी कचऱ्याने तुंबली होती आणि ते पाणी ईसीयूपासून वीतभर अंतरावर साठत होते. ती नळी त्यांनी तारेने मोकळी केली आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

तरीही नुसत्या वासावर विसंबून त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवले नाही. बोर्ड टेबलावर घेऊन, त्याला बाहेरून बारा व्होल्ट देऊन, केस वाळवण्याच्या यंत्राने तो हळूहळू तापवला, पाच व्होल्टचा आकडा घसरेपर्यंत. मग थंड फवाऱ्याची बारीक नळी लावून एकेका कोपऱ्यावर फुसकारा मारला. तीन फुसकाऱ्यांनी काही झाले नाही. चौथा फुसकारा एका कपॅसिटरच्या पायथ्याशी पडला आणि मीटरवर ५.०१ झळकले. पुन्हा तापवले, पुन्हा घसरले. पुन्हा तिथेच फुसकारा, पुन्हा पाच. भिंगाखाली मलाही दाखवले: कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग आणि त्यातून निघालेला तांब्याचा मार्ग काळपट हिरवा, मध्ये केसाएवढा तडकलेला. थंड असताना ती दोन टोके एकमेकांना टेकत, गरम झाल्यावर सुटत. एवढ्याशा भेगेसाठी मी एक पेट्रोल पंप बदलला होता.

दुरुस्ती स्वतः फार मोठी नव्हती. बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढले, त्यांतला ४७ मायक्रोफॅरडचा एक मोजल्यावर १९ भरला. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, खाल्लेल्या मार्गावरून बारीक तार ओढली, १०५ अंश तापमानापर्यंत टिकणारे नवे कपॅसिटर लावले आणि वरून लाखेसारखा थर दिला. ट्रॉलरवरच्या उपकरणांसाठी वापरतात तोच थर, असे ते म्हणाले. दिसायला काम देखणे नाही. ओढलेली तार डोळ्यांत भरते.

ईसीयू परत बसवण्याआधी त्यांनी जे केले, त्यामुळे माझे दुसऱ्या फेरीचे पैसे वाचले. आयडल सांभाळणारी छोटी स्टेपर मोटर इंजिनावर असते आणि तिला ईसीयूमधले ट्रान्झिस्टर चालवतात. तिच्या प्रत्येक वेटोळ्याचा रोध २८ ते ३३ ओहम असायला हवा. तीन वेटोळी तीसच्या आसपास निघाली, चौथे १२ ओहम. हिशोब सोपा आहे: तीस ओहममधून बारा व्होल्टवर ०.४ अँपिअर वाहतो, बारा ओहममधून एक अँपिअर, म्हणजे अडीचपट. तो भार नव्याने दुरुस्त केलेल्या बोर्डाच्या ट्रान्झिस्टरवर पडला असता आणि तो आज ना उद्या जळला असता. नवी मोटर येईपर्यंत ईसीयू लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी घाई केली, थोडा आवाजही चढवला. त्यांनी ईसीयू कपाटात ठेवून कुलूप लावले. मोटर यायला सतरा दिवस लागले. पहिल्या गॅरेजच्या सल्ल्याने मी परदेशातला जुना ईसीयू मागवला असता, तर तोही तितकाच म्हातारा, तसल्याच कपॅसिटरांचा निघाला असता आणि याच मोटरने त्यालाही संपवले असते.

पैशांचे म्हणाल, तर निदानाचे ३,५०० रुपये त्यांनी वेगळे लावले, बोर्ड दुरुस्तीचे ८,५०० आणि अर्थच्या पट्टीचे ६००. स्टेपर मोटर मी स्वतः मागवली, ती ९,२०० ला पडली. निदानाचे वेगळे पैसे घेणे आपल्याकडे लोकांना खटकते, मलाही आधी खटकले. पण पार्ट विकून नफा काढणाऱ्या गॅरेजला मोजत बसण्यात काही मिळत नसते, आणि मोजण्याचेच पैसे घेणाऱ्याला पार्ट बदलण्याची घाई नसते, हा फरक मला ७१,००० रुपये देऊन कळला आहे.

तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. खर्चाचा अंदाज ते आधी देत नाहीत. फोन उचलत नाहीत; चार वेळा मी फोंड्याहून जाऊन कुलूप पाहून परतलो. बसायला एक प्लास्टिकचे स्टूल आहे, त्यावर बहुधा एखादा फिश फाइंडर बसलेला असतो. बिल वहीच्या पानावर मिळाले, आणि सोल्डरिंगच्या कामाची सहा महिन्यांची हमी मी हट्ट धरला तेव्हाच त्यावर लिहून दिली. मे अखेरीपासून चतुर्थीच्या तोंडापर्यंतचा सगळा काळ यात गेला. ज्यांची रोजची गाडी आहे, त्यांना हे परवडणार नाही. शिवाय नव्या गाड्यांचे ईसीयू, ज्यांना चावीची कोडिंग किंवा सॉफ्टवेअर भरणे लागते, ते हातात घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. गाडी टोइंग करून नेण्याआधी एकदा स्वतः जाऊन बोलावे, शक्यतो सकाळी, आणि जून-जुलै टाळावेत. गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळाला तर छापून न्यावा. माझ्याकडे तो नव्हता आणि पिना शोधण्यात त्यांचा एक दिवस गेला.

गाडी चतुर्थीच्या चार दिवस आधी हाती आली. चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान मागच्या सीटवर कोंबून मी मूळ घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोलेहून अनमोड घाट चढून आलो, एसी लावून, मधे दोनदा थांबून, इंजिन गरम असतानाच पुन्हा सुरू करून. आरपीएमचा काटा साडेसातशेवर खिळल्यासारखा होता. किल्ली फिरवली की पिवळा दिवा लागतो, काही सेकंदांनी विझतो. आता मी दर वेळी तो विझेपर्यंत सेल्फ मारत नाही. काढलेले जुने कपॅसिटर त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिलाला टाचून दिले होते. वास जात नाही म्हणून बायकोने ती पिशवी गॅरेजमध्ये ठेवायला लावली. रेडिओ मात्र कन्सोल खोलल्यापासून बंद आहे. त्यांना सांगितले तर त्यांनी तो ठेवून घेतला आणि ट्रॉलरांची गर्दी ओसरली की बघतो म्हणाले.